देवाकडचं येणं

“तू मनापासून मागितलंस ना, तर देव नक्की ऐकेल.”

हे वाक्य माझं. तीन वर्षांपूर्वी एका रात्री हॉस्पिटलच्या जिन्यात भिंतीला टेकून मी ते फोनवर लेकीला ऐकवलं. ती तेव्हा साडेसात वर्षांची होती. तिचा भाऊ चार दिवसांचा होता आणि काचेच्या पेटीत होता. फोनवर पोर हुंदके देत होती, तिच्या हाती काहीतरी द्यायला हवं होतं, आणि माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. बोलून झाल्यावर मला जरा हलकंही वाटलं. चला, आपण तिला देवाच्या स्वाधीन केलं.

प्रत्यक्षात एका बाळाच्या श्वासाची जबाबदारी साडेसात वर्षांच्या मुलीवर टाकून मी फोन ठेवला होता.

माझं काम हिशेबाचं आहे. दिवसभर जमा आणि नावे बघायचं, दोन्ही बाजू जुळल्या की उठायचं. प्रार्थनेकडेही मी तशीच बघत आले होते, हे तोवर कधी ध्यानात आलं नव्हतं. इकडे श्रद्धा भरायची, तिकडून फळ घ्यायचं, उशीर झाला तर थकबाकी समजायची. आणि बहुतेक वेळा हिशेब जुळायचाही. कारण आम्ही मागत होतो त्या गोष्टी तशाही होणाऱ्याच असायच्या. परीक्षेचे मार्क, रखडलेली बदली, तापाचं उतरणं.

बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यात झालं. वजन 940 ग्रॅम. इतक्या लवकर आलेल्या बाळांच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट नावाचं द्रव्य पुरेसं तयार झालेलं नसतं. ते नसलं की आतल्या बारीक पिशव्या श्वास सोडल्यावर मिटून जातात, म्हणून ते नळीवाटे आत सोडतात. हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. पण मला रात्रंदिवस दिसायचं ते वेगळंच. ही बाळं मधूनच श्वास घ्यायचं विसरतात. अक्षरशः विसरतात, कारण मेंदूतलं ते केंद्र अजून कच्चं असतं. पडद्यावरचा आकडा घसरतो, मॉनिटर ओरडायला लागतो, नर्स पेटीच्या गोल खिडकीतून हात घालते आणि तळपायाला हलकी टिचकी मारते. बाळ दचकतं आणि श्वास घेतं. नर्स हात बाहेर काढून पुढच्या पेटीकडे जाते, तिच्या चेहऱ्यावरची रेषही हललेली नसते. मी मात्र प्रत्येक वेळी मरून परत आलेली असायचे.

लेकीला आत यायची परवानगी नव्हती. तिने बापाबरोबर एक चित्र पाठवलं. चार माणसं, त्यातलं एक फारच छोटं, आणि वर कोपऱ्यात सूर्याच्या जागी दोन जोडलेले हात. नर्सने ते चिकटपट्टीने पेटीला बाहेरून लावून दिलं. घरी तिने आणखी एक उद्योग केला होता, तो मला नंतर सासूबाईंकडून कळला. तिच्याकडे हत्तीच्या आकाराचं एक राखाडी खोडरबर होतं. सोंड झिजेल म्हणून तिने ते कधी वापरलं नव्हतं. ते तिने देवासमोर नेऊन ठेवलं. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाली, “हे त्याला दिलं. आता बाळ आपल्याला.”

हा व्यवहार तिला कुणी शिकवला होता, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती.

अकराव्या दिवशी बाळाला माझ्या छातीवर ठेवलं. उघड्या अंगावर उघडं बाळ, वरून चादर. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरेनात म्हणून तिथल्या डॉक्टरांनी ही रीत सुरू केली, आणि पुढे ती जगभर पसरली. पाचेक मिनिटांत त्याचे ठोके सावकाश झाले, पडद्यावरचे आकडे एका जागी थांबले. त्याला कुणी काही समजावलं नव्हतं. त्याच्या अंगाला आपोआप कळलं होतं.

सतराव्या दिवशी रक्तात जंतुसंसर्ग झाला. एकोणिसाव्या दिवशी पहाटे तो गेला.

आम्ही घरी आलो तेव्हा लेक दारात उभी होती. रडली नाही. आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग बापाच्या. मग म्हणाली, “मी मनापासून नव्हतं मागितलं का?”

“नाही गं सोन्या, तसं नसतं,” म्हणून मी तिला जवळ ओढलं. पुढे बोलायला काही सुचेना. माझ्या वाक्याचा सरळ अर्थ तिने काढला होता. गणित तिने बरोबर सोडवलं होतं, घालतानाच मी चुकीचं घातलं होतं.

पुढचे पंधरा-वीस दिवस माणसं येत राहिली. सगळी मायेनेच बोलत होती. पण मोठ्यांचं बोलणं एकदा मुलाच्या कानाने ऐकायला लागलं की अंगावर काटा येतो. मराठीत मरणाला किती मऊ मऊ शब्द आहेत! देवाघरी गेला. देवाला प्यारा झाला. देवाने बोलावून घेतलं. लेकीने पहिला शब्द ऐकला आणि विचारलं, “तिथून परत कधी येतात?” एक बाई म्हणाल्या, चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात. त्यानंतर दोन दिवस ही मुलगी भयंकर वागली. वही फाडली, आजीला उलटून बोलली, दाराला लाथ मारली. मी रागावले. आपण चांगले निघालो तर आपलाही नंबर लागेल, म्हणून पोर जीव वाचवत होती, हे मला फार उशिरा कळलं.

“देव तारी त्याला कोण मारी” यावर तिचा प्रश्न असा, की मग बाळाला तारायचं नाही असं देवाने ठरवलं होतं का. आणि “देव सोसेल तेवढंच दुःख देतो” यावर ती बराच वेळ विचार करून म्हणाली, “म्हणजे आपण कमी सोसणारे असतो, तर बाळ राहिलं असतं.”

या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. ‘सोसेल तेवढंच’ हे मी तेव्हापासून कुणाच्याही घरी जाऊन म्हणत नाही.

त्या दिवसांत रात्री झोप नव्हतीच, तेव्हा मी मिळेल ते वाचायचे. हंगेरीतल्या मुलांचा एक अभ्यास 1948 मध्ये प्रसिद्ध झाला होता. पाचाच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे प्रवास किंवा झोप वाटते, परतीची वाट असलेली. पाच ते नऊमधली मुलं मात्र मरणाला माणूस समजतात. कुणीतरी येतं आणि धरून नेतं. चपळ असलात तर निसटूही शकता. हे वाचलं आणि मी उठून बसले. माझी मुलगी नेमकी त्या वयात होती, आणि त्या धरून नेणाऱ्याला आम्ही सगळे मिळून नाव पुरवत होतो. देवाने नेलं, देवाने नेलं. ज्याच्यावर विसंबायला शिकवायचं, त्यालाच आम्ही रात्री येणारा बागुलबुवा करून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला साध्या शब्दांत सांगितलं. बाळाच्या रक्तात जंतू शिरले. औषधं दिली, पण बाळ फार छोटं होतं, जंतू आवरले नाहीत. त्याचं हृदय थांबलं. तो मेला. आता परत येणार नाही. त्याला कुणी पळवून नेलं नाही. “मेला” हा शब्द तोंडून निघायला मला तीनदा प्रयत्न करावा लागला. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “दुखलं का त्याला?” डॉक्टरांनी शेवटी दुखू नये म्हणून औषध दिलं होतं, तेही मी सांगितलं. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी सलग झोपली.

पण हात जोडणं तिने सोडलं ते सोडलंच. देवासमोरचं खोडरबर एके दिवशी तिच्या कंपासपेटीत परत आलेलं दिसलं. ते ती आता वापरत होती, आणि नुसती वापरत नव्हती. चुकलेलं अक्षर पुसताना कागद फाटेल इतकी घासायची. सोंड महिन्याभरातच गेली. मी काही बोलले नाही. माझं तरी कुठे वेगळं होतं? देवाकडचं येणं मी केव्हाच बुडीत खात्यात टाकलं होतं.

आमच्या घरात त्या काळात देवासमोर रोज बसणारं एकच माणूस होतं, सासूबाई. त्या काही फार बोलणाऱ्या नाहीत. उपदेश तर नाहीच नाही. एका संध्याकाळी मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते आणि बाहेर लेक त्यांना विचारत होती.

“आजी, तुला राग नाही येत त्याचा?”

“येतो की.”

“मग?”

“सांगते त्याला. म्हणते, एवढंसं पोर होतं, तुला काय जड झालं होतं?”

“तो काय म्हणतो?”

“काही नाही म्हणत. बसून राहतो.”

“आणि तू?”

“मी पण बसते.”

घडी अर्धवट राहिली माझ्या हातात. पंधरा दिवस आम्ही सगळे देवाची वकिली करत होतो. त्याचं काहीतरी कारण असेल, त्याची काहीतरी योजना असेल. सासूबाईंनी त्याचं वकीलपत्र घेतलेलंच नव्हतं. त्यांचं त्याच्याशी भांडण चालू होतं आणि त्यांनी घर सोडलेलं नव्हतं. लेकीने हे असं पहिल्यांदाच बघितलं असावं. मीही.

मग मी जुन्या गोष्टी पुन्हा उघडल्या, कारण लेकीचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता: प्रल्हादासाठी खांबातून आला, मग आपल्यासाठी का नाही? खरं तर चूक प्रल्हादाची नाही, आपल्या सांगण्याची आहे. आपण शेवट आधी सांगतो. खांब फुटला, नरसिंह आला, टाळ्या. पण भागवताच्या सातव्या स्कंधात त्याच्यापुढे काय येतं ते मुलांना कुणी सांगत नाही. मलाही माहीत नव्हतं. नरसिंह प्रल्हादाला म्हणतो, वर माग. आणि ते पोर म्हणतं, मला मोहात पाडू नका. जो तुमच्याकडून काही मिळावं म्हणून सेवा करतो तो सेवक नव्हे, तो वाणी. म्हणजे व्यापारी. मग मागतोच म्हटल्यावर काय मागतो, तर माझ्या मनात मागणंच उगवू नये. आणि त्यानंतर, ज्या बापाने त्याला हत्तीच्या पायी दिलं, डोंगरावरून लोटलं, त्याच बापाला दोषमुक्त करा म्हणतो.

वाणी! हिशेब लिहिणाऱ्या बाईला याहून थेट बोलणं काय ऐकवणार? मी पुस्तक मिटून ठेवलं आणि थोडा वेळ त्या मुलाचा मला रागच आला. ज्याचं सगळं वाचलं त्याला असं बोलायला काय जातं, असंही वाटलं. ते वाटणं अजून पूर्ण गेलेलं नाही.

म्हणून मला तुकोबा जास्त जवळचे. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. आपण मुलांना विमान सांगतो, तरंगलेल्या वह्या सांगतो, आणि हे दोन मृत्यू एका ओळीत उरकतो. पण ‘माझ्या लेखी देव मेला’ इथवर ज्याला म्हणता आलं, तो माणूस देवापासून लांब गेलेला नव्हता. फार जवळ उभं राहून ओरडत होता. लेकीला मी हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे विस्फारले. “असं म्हटलं तरी चालतं?”

“त्यांना चाललं,” मी म्हणाले. “आणि ते संत झाले.”

एका ख्रिस्ती मैत्रिणीने मला बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट सांगितली, तीही मला सोडत नाही. सज्जन माणूस, मुलंबाळं, गुरंढोरं, तब्येत, सगळं जातं. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात, एक शब्द न बोलता. तिथवर सगळं ठीक असतं. मग ते तोंड उघडतात. तूच काहीतरी केलं असशील, देव उगीच शिक्षा करत नाही, वगैरे. ईयोब चिडतो, देवाला जाब विचारतो, मला जन्मालाच का घातलं म्हणतो. आणि शेवटी देव रागावतो कुणावर? त्याची बाजू घेणाऱ्या मित्रांवर. म्हणतो, माझ्याबद्दल बरोबर बोलला तो हा ईयोब, तुम्ही नव्हे.

मैत्रिणीने एवढं सांगितलं आणि ती गप्प बसली. चांगली मैत्रीण आहे.

बाळ जाऊन चार महिने झाल्यावरची एक रात्र. दिवा मालवला होता, मी उठून जाणार इतक्यात अंधारातून आवाज आला. “आई, तुला एक सांगू? रागावणार नाहीस?”

बाळ पोटात असताना, मी सारखी आडवी पडून असायचे, तिच्याशी खेळत नव्हते, तेव्हा एकदा तिने देवाला सांगितलं होतं: मला बाळ नको. “एकदाच म्हटलं होतं. नंतर मी म्हटलं होतं की हवंय. पण बहुतेक त्याने पहिलं ऐकलं.”

चार महिने! चार महिने हे पोर हे पोटात घेऊन शाळेत जात होतं, गृहपाठ करत होतं, खोडरबर घासत होतं.

लहान मुलांना आपल्या मनातल्या विचाराने बाहेरचं जग हलतं असं वाटतं, हे मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या प्याजेने कितीतरी वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. साधारण सात वर्षांपर्यंत हे फार असतं, आणि संकटात मोठी मुलंही तिकडे परत घसरतात. मोठी माणसं घसरत नाहीत का? त्यात मी काय केलं होतं, तर या समजुतीवर देवाचा शिक्का मारून दिला होता. मनापासून मागितलंस तर होईल. मग मनापासून नको म्हटलं तर तेही होणारच ना?

मी दिवा लावला, कारण हे तिला माझा चेहरा बघून ऐकायला हवं होतं. म्हटलं, “तुझ्या म्हणण्याने काहीही झालं नाही. ‘नको’ने नाही आणि ‘हवं’नेही नाही. मी तुला फोनवर सांगितलं ते चुकीचं होतं. माझी चूक. मी घाबरले होते, म्हणून बोलले.” ती म्हणाली, “तू घाबरली होतीस?” जणू बाळाच्या जाण्याइतकीच ही मोठी बातमी होती. मग ती रडली. दारात उभी असल्यापासून राहिलेलं सगळं त्या रात्री निघालं. मीही रडले. तोवर मी बाथरूममध्ये नळ सोडून रडत असे, म्हणजे तिला कळू नये. तिने तेही सांगितलं: “नळाचा आवाज आला की मला माहीत असायचं.”

मुलांसमोर खंबीर राहावं म्हणतात. मला आता ते पटत नाही. आई कोसळते, आणि मग उठून डबा भरते, हे त्यांनी बघितलेलं बरं. फक्त खंबीर बघितलं तर त्यांना वाटतं कोसळणं हा आपलाच दोष.

केनेथ पार्गामेंट नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. संकटात माणसं श्रद्धेचं नेमकं काय करतात, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. 2001 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर हॉस्पिटलात दाखल झालेल्या जवळजवळ 600 वृद्धांचा दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देवाने आपल्याला टाकलं, त्याचं आपल्यावर प्रेम नाही, असं ज्यांच्या मनाने घेतलं होतं त्यांच्यात मरण्याचं प्रमाण थोडं पण स्पष्टपणे जास्त होतं. ती म्हातारी माणसं, त्यांची परिस्थिती वेगळी, सगळं मान्य. पण मला वाटलं, सत्तराव्या वर्षी पलंगावर पडून ‘देव मला शिक्षा करतोय’ म्हणणाऱ्याला तो देव कधी, कुणी दिला असेल? सातव्या वर्षी, कुणीतरी जिन्यात उभं राहून, फोनवर?

नवरा देवाच्या फंदात पडत नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. एवढा घोळ होतो तर शिकवायचाच कशाला? डॉक्टर, औषध, आपण दोघं. पुरे नाही का? मी बरेच दिवस यावर विचार केला, कारण त्याचं बोलणं मूर्खपणाचं नव्हतं. औषधाच्या जागी देव बसवला तर घात होतो, यात त्याचं शंभर टक्के बरोबर आहे. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, ही म्हण आपल्याच लोकांनी कंटाळून केली असणार. पण एक दिवस रात्री दोनला तिला जाग येईल, आम्ही दोघंही नसू, आणि डॉक्टरांनी हात टेकलेले असतील. तेव्हा तिला कुणाशी तरी बोलता यावं असं मला वाटतं. उत्तर मिळेल की नाही ते मी तिला सांगू शकत नाही. नवरा म्हणाला, “एवढंच असेल तर माझी हरकत नाही.” तो घरातला सगळ्यात प्रामाणिक माणूस आहे, त्यामुळे मी ते मंजुरी म्हणून धरलं.

एरिक एरिक्सन हा मानसशास्त्रज्ञ म्हणायचा की माणसाच्या आयुष्यातलं पहिलं काम म्हणजे जगावर भरवसा टाकता येतो की नाही हे ठरवणं, आणि ते पहिल्या वर्षा-दीड वर्षात होतं, शब्दांच्या आधी. रडल्यावर कुणी येतं का, यावरून. पुढे माणूस ज्या देवावर विसंबतो त्याचं बी तिथलंच असावं असं मला वाटतं. छातीवरचा तो पाऊण तास मला आठवतो. बाळाला बरं होण्याचं वचन कुणी दिलं नव्हतं. आणि त्याचे ठोके शांत झाले होते.

आता घरात काय बदललंय? तसं फार नाही. निकालाची हमी आम्ही कुणी देत नाही. ‘देव बरं करेल’ऐवजी ‘देवाला सांगूया’ म्हणतो. मला माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणते, आणि ते सुरुवातीला फार जड गेलं, कारण आईला सगळं माहीत असतं या समजुतीवर माझं बरंच राज्य चालत होतं. झोपताना दोन गोष्टी मागायच्या असतात. एक, हवं ते. अगदी स्वार्थी, अगदी अशक्यसुद्धा. दुसरी, ते नाही झालं तर काय लागेल ते. ही दुसरी गोष्ट शोधायला तिला वेळ लागतो. कधी कधी ती ‘झोप आली’ म्हणून टाळते. तेही चालतं. आणि सकाळी उठून जे आपल्या हातात आहे ते करायचं. पत्र, चित्र, फोन, औषधाची वेळ लिहून ठेवणं.

हात जोडायला ती परत कधी लागली ते मला नेमकं सांगता येणार नाही. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं. एकदा दिसलं की ती आजीशेजारी बसलीय, हात न जोडता, गुडघे पोटाशी घेऊन, देवाकडे रोखून बघत. सासूबाई डोळे मिटून होत्या. दोघींपैकी कुणी काही बोलत नव्हतं. असं बरेच दिवस चाललं.

गेल्या महिन्यात सासूबाई घरातच घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. वय एकोणऐंशी. ऑपरेशनच्या आदल्या रात्री डॉक्टरांनी सांगितलं होतं की पूर्ण भूल न देता कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करतील, आणि या वयात धोका असतोच. लेक आता साडेदहा वर्षांची आहे. तिने सगळं विचारून घेतलं. सुई केवढी असते, आजी जागी असणार का, तिला हातोडीचा आवाज ऐकू येईल का. येऊ शकतो, मी म्हणाले.

रात्री ती अंथरुणावर मांडी घालून बसली. मी दाराशी होते. या खेपेला ती मोठ्याने बोलली, बहुतेक मला ऐकू यावं म्हणूनच.

“आजीला बरी कर. चालती कर, काठीने चाललं तरी चालेल. नाही केलीस तर मी खूप भांडणार आहे, आत्ताच सांगते. आणि उद्या तो आवाज येईल तेव्हा तिच्याजवळ थांब. आम्हाला आत सोडणार नाहीत.”

मग ती आडवी झाली, पांघरूण नाकापर्यंत ओढलं आणि म्हणाली, “तू काय मागितलंस?”

मी खरं ते सांगितलं. आजी. आणि दुसरं, झोप.

“झोप काय मागायची,” ती म्हणाली, “इकडे ये,” आणि भिंतीकडे सरकून तिने मला जागा करून दिली.